ओस्नियेलचे तीस सेकंद

सांता रोसालिया या आमच्या वस्तीतल्या शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं. त्यातली चार वर्षं ओस्नियेल पेद्रोसो माझ्या वर्गात होता, आणि चारही वर्षं तो उभाच होता असं मला आठवतं. बाकावर बूड टेकवलं की याच्या पायाला मुंग्या यायच्या. गणित अर्धं सोडवून झालं की पुढच्या गणितावर उडी. उत्तर चुकलेलं असायचं, पण पोरगा खूश, कारण वर्गात पहिला तोच पोचलेला असायचा.

आता तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि तसाच आहे. कॉफी उभ्याने एका घोटात पितो, जेवताना तीनदा उठतो. त्याची बायको लेइदिस सांता क्लारा शहरात बहिणीकडे राहायला गेली, तेव्हा म्हणाली होती, "ज्याला बसलेला कधी बघितलाच नाही, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?" साखर कारखाना चालू होता तेव्हा हा तिथला वायरमन. कारखाना मोडून भंगारात गेला, आणि वस्तीतले सगळे पंखे, भाताचे कुकर, सायकलीला लावलेल्या मोटारी याच्या गळ्यात पडल्या. त्यात संस्कृती केंद्रातला कॉम्प्युटरही आला, कारण त्याला हात लावायला दुसरं कुणी धजेना.

त्या केंद्रात 'वस्तीचे आवाज' नोंदवून ठेवायची कल्पना त्याचीच. कारखाना गेला, निदान कारखान्यातली माणसं काय बोलायची ते तरी राहू दे, असं तो केंद्राच्या संचालिकेला, मारिसेलिसला, म्हणाला. मायक्रोफोन एका जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढलेला. कॉम्प्युटरमधली डिस्क चाळीस जीबीची, जेमतेम. म्हणून आवाज ठेवायला त्याने बाहेरून एक मोठी डिस्क जोडली. ती कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तिला पेटी केली, कारखान्यातल्या वायरलेसचा ट्रान्सफॉर्मर लावला. ती पेटी सुरू होताना खोकायची.

आमच्या इथे वीज पाळीपाळीने येते. त्या महिन्यांत दुपारी दोन ते सहा. चार तासांत दळण, इस्त्री, पाण्याचा पंप, भात, आणि केंद्रासमोर रांग. कुणाला मियामीच्या लेकीला निरोप पाठवायचा, कुणाला अर्ज छापायचा. कॉम्प्युटर लिनक्स नावाच्या यंत्रणेवर चालतो. चालू झाला की आपणहून ती बाहेरची डिस्क शोधतो आणि 'आवाज' नावाच्या फोल्डरवर जोडून घेतो. डिस्क लवकर सापडली नाही तर दीड मिनिट वाट बघतो, आणि तरीही नाही सापडली तर काळा पडदा दाखवून हटून बसतो. मग ओस्नियेलला सायकलवरून बोलवायचं, तो येणार, काहीबाही टाइप करणार, तोवर अर्धा तास खल्लास.

एक दिवस रांग खवळली. त्यात मीही होते, खोटं कशाला बोलू? मी सगळ्यांदेखत म्हणाले, "ओस्नियेल, अरे चार तासांची वीज, त्यातला निम्मा वेळ हे यंत्र जांभया देतंय. काहीतरी कर!"

त्याला तेवढंच हवं होतं. त्याने मशीनला लिहून सांगितलं: तीस सेकंद वाट बघायची. तेवढ्यात डिस्क मिळाली तर जोडायची. नाही मिळाली तर तिच्यावाचून पुढे जायचं, हटून बसायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून मशीन झटकन चालू व्हायला लागलं. रांगेने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याची पाळी आली. एवेलियो ऊस ओढणाऱ्या आगगाडीचा ड्रायव्हर होता, बत्तीस वर्षं. तोंडाने कारखान्याचा भोंगा असा काढायचा की म्हातारी कुत्री अजून कान टवकारायची. तीन दुपारी तो केंद्रात जाऊन बोलला. काय बोलला ते मला माहीत नाही, मी विचारलं तर म्हणायचा, "नंतर ऐक की. कुठं पळतंय?" तिसऱ्या दिवशी साडेपाच वाजले तरी घरी आला नाही, म्हणून मी त्याला आणायला गेले. वीज जायच्या आत भात व्हायला हवा होता. एवढंच.

मार्चच्या नऊ तारखेला एवेलियो गेला. सकाळी अंगणात खुर्ची उन्हातून सावलीत ओढत होता, तसाच खाली बसला तो उठलाच नाही.

पंधरा दिवसांनी मी केंद्रात गेले आणि ओस्नियेलला म्हणाले, "लाव." त्याने फोल्डर उघडलं. कारखान्याच्या बॉयलरवरच्या फाउस्तोचा आवाज होता, उसाचा काटा सांभाळणाऱ्या दोघी बहिणींचा होता, न्हाव्याचा होता. एवेलियोचा नव्हता. ओस्नियेलने पुन्हा शोधलं, नावाने शोधलं, तारखेने शोधलं. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा जणू झालाच नव्हता.

"बाई, होतं हो इथेच," तो म्हणाला. "त्याच दिवशी मी अन् एवेलियोकाकांनी लावून ऐकलं होतं. शपथ!"

"मग गेलं कुठं? चालत गेलं?"

"शोधतो. मिळेल. मी डिस्क तळापासून खरवडून काढतो."

"तू काय खरवडणार! तुला कढई खरवडायचाही धीर नाही."

त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तसं माझं आयुष्यात फार जणांशी वाकडं झालेलं नाही. पण त्याची सायकल दारावरून गेली तरी डोक्यात तिडीक जायची. माझ्याकडे एवेलियोचे फोटो होते, टोपी होती, चपला होत्या. आवाज नव्हता. आणि आवाज विसरायला होतो, हे मला त्या दोन महिन्यांत कळलं. रोज सकाळी मी तो मनात लावून बघायची, आणि रोज तो थोडा जास्त माझ्यासारखाच यायचा.

ओस्नियेल शोधत होता, हे मात्र खरं. दोन महिने, वीज असेल तेवढा वेळ, तो त्या पत्र्याच्या पेटीतली डिस्क पुसलेल्या फायलींसाठी उलटीपालटी करत होता. जुन्या मालकाची हजेरीपत्रकं निघाली, कुणाच्या लग्नाचे फोटो निघाले. एवेलियो निघाला नाही. तो वाळला. मारिसेलिस सांगायची की तो शोधता शोधता खोलीत फेऱ्या मारतो, पडद्यापर्यंत जातो, दारापर्यंत येतो, अन् फरशीवर वाट पडली आहे.

मे महिन्यात मशीनने नवीन दुखणं काढलं. डिस्क भरली, जागा नाही, म्हणून अडायला लागलं. मारिसेलिस वैतागली. तिने ठरवलं की मशीन पुसून टाकायचं आणि सगळी यंत्रणा नव्याने चढवायची. शुक्रवारी तीन वाजता. मला हे पाववाल्या बाईकडून कळलं. पुसायचं म्हणजे काय? जे काही उरलंय ते पुसायचं? मी चपला घातल्या आणि निघाले.

केंद्रात पोचले तर ओस्नियेल मशीनसमोर उभा. खिशातून नव्या यंत्रणेचा पेनड्राइव्ह काढून त्याने लावलासुद्धा होता. मला बघून त्याचा हात थबकला.

"या, मिर्ताबाई," मारिसेलिस म्हणाली. "घाबरू नका, आवाज सगळे बाहेरच्या डिस्कवर आहेत. पुसायची ती आतली. तिच्यात काही नाही."

"काही नाही, तर ती भरली कशाने?" मी विचारलं.

मी काही हुशारीने विचारलं नव्हतं. रागाने विचारलं होतं. पण ओस्नियेल जागच्या जागी चुळबुळायला लागला.

"तेच मला कळत नाही, बाई. चाळीस जीबीची डिस्क, मशीन म्हणतं भरली. पण आतले सगळे फोल्डर मोजले तर बेरीज येते एकतीस."

"मग नऊ कुठं आहेत?"

"असेल काहीतरी कचरा. पुसलं की जाईलच ना. वीज सहापर्यंतच आहे, बाई, नवं चढवायला दोन तास लागतात..."

"ओस्नियेल पेद्रोसो!" मी म्हणाले. किती वर्षांनी तो आवाज माझ्या गळ्यातून निघाला कुणास ठाऊक. "उत्तर जुळलं नाही तर पुढचं गणित करायचं नाही, हे तुला चौथीत किती वेळा सांगितलं? खाली बस."

"बाई, अहो..."

"बस म्हणते ना!"

कोपऱ्यात एक स्टूल होतं. तो बसला. त्याचे गुडघे वरखाली होत होते, त्यावर त्याने तळवे दाबून धरले. मी बाजूला उभी राहिले, वर्गात उभी राहायचे तशी.

"आता पुन्हा मोज. एकेक. मोठ्याने."

तो मोजत गेला. हे फोल्डर इतकं, ते तितकं. पुन्हा एकतीसच. मारिसेलिस घड्याळाकडे बघत होती. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बाई, आमचा पण अभ्यास घ्या!" मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"यात काय मोजलं नाहीस?" मी विचारलं.

"सगळं मोजलं. 'आवाज' तेवढं सोडलं. ते आतल्या डिस्कवर नाहीच ना. त्याच्यावर बाहेरची डिस्क जोडलेली असते."

"आणि ती जोडलेली नसते तेव्हा त्या फोल्डरात काय असतं?"

"काही नाही. रिकामं असतं. नुसती जागा, डिस्क जोडायला..."

त्याचे गुडघे थांबले. मी त्याला पहिलीपासून ओळखते, इतका स्थिर मी त्याला कधीच बघितला नव्हता.

"तीस सेकंद," तो म्हणाला.

"काय?"

"बाई, टेबलावर कागद पडलेत आणि वरून तुम्ही चादर अंथरली, तर कागद दिसतील का? टेबल पुसलं तरी हात चादरीवरूनच फिरणार." तो पुन्हा उभा राहिला, पण या वेळी मी काही म्हणाले नाही. "फेब्रुवारीत तो आठवडा आठवतोय? वीज यायची ती लंगडी, दिवे मेणबत्तीसारखे. कमी दाबात या पेटीला जागं व्हायला वेळ लागतो. मी मुदत ठेवली तीस सेकंदांची. तेवढ्यात ती आली नाही, म्हणून मशीन तिच्यावाचून पुढे गेलं. मीच सांगितलं होतं तसं. आणि मग काका जे बोलले ते गेलं 'आवाज' फोल्डरात, पण आतल्या डिस्कवरच्या. पुढच्या आठवड्यात दाब चांगला आला, बाहेरची डिस्क वेळेत जोडली गेली, ती त्याच फोल्डरवर बसली. काका तिच्या खाली."

"आणि तू दोन महिने शोधलंस कुठं?"

"वरच्या डिस्कवर." त्याने हात लांब करून पेनड्राइव्ह उपटून काढला, जणू तो चावणार होता. "बाई, पाच मिनिटांत मी पुसणार होतो."

तो पेनड्राइव्ह मी त्याच्या हातातून काढून घेतला.

त्याने मशीनला सांगितलं, बाहेरची डिस्क सोड. मशीन म्हणालं, सोडत नाही, वापरात आहे. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. ओस्नियेलने केसांत हात घातले. "कोण वापरतंय? कोण?" मग मारिसेलिस हळूच पुढे झाली आणि म्हणाली, "अरे, दुसऱ्या खिडकीत मी ती न्हाव्याची मुलाखत उघडी ठेवलीये वाटतं." ती बंद केली. डिस्क सुटली.

मग त्याने ते रिकामं समजलेलं फोल्डर उघडलं. त्यात नऊ फायली होत्या. सहा होत्या दांसोन हा जोडीचा नाच नाचणाऱ्या मंडळाच्या तालमींच्या व्हिडिओच्या, त्याच लंगड्या आठवड्यातल्या. त्या गेल्याचं कुणाच्या गावीही नव्हतं. आणि तीन फायलींवर नाव: एवेलियो एक, एवेलियो दोन, एवेलियो तीन.

मला रडू आलं. रांगेसमोर, मारिसेलिससमोर, मला कशाचीच लाज वाटली नाही. "लाव," मी म्हणाले.

"आधी नक्कल, बाई," ओस्नियेल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो मला थांबा म्हणत होता. त्याने बाहेरची डिस्क वेगळ्या नावाच्या फोल्डरवर जोडली आणि नक्कल करायला घातली. मशीन रांगत होतं. ते चालू असताना त्याने ती तीस सेकंदांची ओळ खोडली आणि पाच मिनिटं केली. शिवाय रिकाम्या फोल्डरला असं कुलूप घातलं की डिस्क जोडलेली नसेल तर त्यात कुणाला एक अक्षरही लिहिता येऊ नये. पडद्यावर आकडा चढत होता. सात झाल्या, आठ झाल्या. नववी निम्मी झाली आणि पाच वाजून त्रेपन्न मिनिटांनी वीज गेली. सात मिनिटं आधी. कधी नव्हे ते.

त्या रात्री मला झोप लागली असं म्हणणार नाही. ओस्नियेल जाताना सांगून गेला होता की मूळ फाइल आहे तिथेच आहे, नक्कल अर्धी राहिली म्हणून मूळ जात नाही. पण वीज अशी झटक्याने गेली की डिस्क कधी कधी कायमची बसते, हे मला वस्तीतल्या प्रत्येकाने येऊन सांगितलं. माणसं धीर द्यायला येतात आणि हे सांगून जातात.

दुसऱ्या दिवशी दोनच्या आधीच मी केंद्रात जाऊन बसले. वीज आली दोन वाजून वीस मिनिटांनी, आणि आली तीही लंगडी. ओस्नियेलने बटण दाबलं आणि स्टूल ओढून बसला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली घातले होते. पडद्यावर मशीन सेकंद मोजत होतं. दहा. वीस. पेटी खोकली. तीस. एकतीस. बत्तीस.

"हे काय, पुन्हा सुस्तावलं का हे?" रांगेतून फाउस्तो ओरडला. "ओस्नियेल, अरे दुरुस्त केलंस की बिघडवलंस?"

"थांबा की जरा!" ओस्नियेल म्हणाला. फाउस्तो हसायलाच लागला. ओस्नियेलच्या तोंडी हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता.

एक्केचाळीसाव्या सेकंदाला पेटी जागी झाली. डिस्क जोडली गेली. राहिलेली नक्कलही मग रांगत रांगत साडेचारला पुरी झाली, आणि त्याने स्पीकर माझ्याकडे वळवून विचारलं, "पहिली लावू?"

"शेवटची," मी म्हणाले. अर्धी राहिली होती ती. मला तिचीच धास्ती होती.

आधी नुसती खरखर. मग खुर्ची करकरली, आणि एवेलियो खाकरला. सकाळी न्हाणीत खाकरायचा तसाच. गेले दोन महिने मी मनात जो आवाज लावत होते तो हा नव्हताच. हा जाड होता, जरा फाटका, हसण्याच्या काठावरचा. तो गाडीबद्दल बोलला, ऊस भरलेल्या अठ्ठावीस डब्यांबद्दल, एकदा रुळांवर झोपलेल्या बैलाबद्दल. भोंगा काढला. दारातली माणसं आत येऊन उभी राहिली. अर्जवाले, निरोपवाले, सगळे. चाळीस मिनिटं ओस्नियेल स्टुलावरून हलला नाही.

मग दार वाजल्याचा आवाज आला आणि एक बाई खेकसली. इतकी कर्कश की मला क्षणभर कळेना ही कोण.

"एवेलियो, आटप आता! किती ती बडबड! वीज जाईल, भात टाकायचाय मला!"

आणि एवेलियो हसला. मायक्रोफोनच्या अगदी जवळ येऊन, ओस्नियेलला सांगावं तसं म्हणाला, "बघ, आली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, हिला घाई आहे. आणि मी म्हणतो, मला कुठं जायचंय?"

पुढे खुर्ची सरकली आणि फाइल संपली.

दोन महिने मी ओस्नियेलला घाईचा म्हणून मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि तो आता माझ्याकडे बघायचं टाळून स्पीकरच्या वायरीचा पीळ काढत होता. त्या दिवशी मी दहा मिनिटं दारात उभी राहिले असते तर? कालचा गार भात खाल्ला असता. एवेलियो आणखी काय बोलला असता, ते आता कुठल्याच डिस्कच्या खाली नाही.

"पुन्हा लाव," मी म्हणाले.

ओस्नियेलने घड्याळाकडे बघितलं. "बाई, सव्वापाच झालेत. तुमचा भात टाकायचा राहिला असेल."

"राहू दे."

त्याने पुन्हा लावली, आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी ओढली.